विधानसभेची पोटनिवडणूक: जागा रिकामी झाल्यापासून खर्चाचा हिशेब देईपर्यंत

पोटनिवडणुकीची अधिसूचना निघाली की उमेदवारी अर्ज भरायला जेमतेम आठवडा मिळतो, आणि त्यातल्या सार्वजनिक सुट्ट्यांना अर्ज घेतच नाहीत. मोठ्या पक्षांकडे वकील असतात, तयार कागद असतात. छोटा पक्ष किंवा अपक्ष असेल तर तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नये. जागा रिकामी झाली त्याच आठवड्यात कामाला लागावे.

निधन, राजीनामा, अपात्रता किंवा न्यायालयाने निवड रद्द करणे, यांपैकी कशानेही जागा रिकामी होते. आमदार लोकसभेवर निवडून गेला तर त्याला १४ दिवसांत राज्यातली जागा सोडावी लागते. जागा रिकामी झाल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी, कारण लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १५१-अ नुसार तिथून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असते. सदस्याचा उरलेला काळ एक वर्षापेक्षा कमी असेल, किंवा मुदतीत निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केले, तर हे बंधन लागू होत नाही. मागच्या निवडणुकीविरुद्ध याचिका प्रलंबित असून याचिकाकर्त्याने स्वतःलाच विजयी घोषित करण्याची मागणी केलेली असेल, तर आयोग सहसा थांबतो. म्हणून उच्च न्यायालयात काय प्रलंबित आहे हेही आधीच पाहावे.

हे वर्ष नेमके कुठून मोजायचे, यावर न्यायालयांतही एकमत नाही. अकोला पश्चिमची पोटनिवडणूक २६ एप्रिल २०२४ ला ठरली होती. विधानसभेची मुदत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संपत होती, निवडून येणाऱ्याला वर्षही मिळणार नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती अधिसूचना रद्द केली. त्याच सुमारास हरियाणातल्या कर्नालच्या पोटनिवडणुकीला मात्र पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हरकत घेतली नाही. मुदतीच्या शेवटी शेवटी जागा रिकामी झाली असेल तर प्रचारावर मोठा खर्च करण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

दिवस मोजायचे कसे

कसबा पेठ आणि चिंचवड, २०२३. अधिसूचना ३१ जानेवारीला, अर्जाचा शेवटचा दिवस ७ फेब्रुवारी, छाननी ८ ला, माघार १० पर्यंत, मतदान २६ ला, मोजणी २ मार्चला. अधिसूचनेनंतर सातवा दिवस अर्जाचा शेवटचा, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि माघारीनंतर किमान चौदावा दिवस मतदानाचा, हाच कायद्यातला क्रम आहे. अर्जाचा, छाननीचा किंवा माघारीचा शेवटचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा आला तर तो टप्पा पुढच्या कामाच्या दिवसावर जातो. या दोन जागांचे मतदान आधी २७ तारखेला होते, परीक्षांमुळे ते एक दिवस अलीकडे आणले. तेव्हा गाड्या, प्रतिनिधी, जेवण, सगळे ठरवताना एखादा दिवस इकडेतिकडे होईल हे धरून चालावे.

मतदार यादीत नाव घालायचे असेल तर नमुना ६ भरून उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी द्यावा. हरकतींसाठी सात दिवस जातात आणि उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादी बंद होते.

अर्ज

उमेदवाराचे वय छाननीच्या दिवशी २५ पूर्ण हवे. राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार चालतो, पण नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत लागते. सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीत असाल तर नुसता राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचे पत्र हातात हवे. अंधेरी पूर्वच्या २०२२ च्या पोटनिवडणुकीत ऋतुजा लटके यांचा पालिकेतला राजीनामा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर झाला आणि अर्ज शेवटच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला भरला गेला. इतकी धाव प्रत्येकाला झेपणार नाही. आधीच नोकरीतून मोकळे व्हावे.

विधानसभेसाठी उमेदवारी अर्जाचा नमुना २-ब भरायचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवणारा मतदार, पुरतो, इतरांना दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. इथे सर्वांत जास्त अर्ज अडकतात. सूचक भेटले की सही घेण्याआधी ताज्या यादीत प्रत्येकाचे नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतः पडताळावा. शेजारच्या गल्लीतला माणूस कित्येकदा दुसऱ्या मतदारसंघात असतो. क्रमांकाची लेखनातली चूक अधिकारी सुधारू देतात, पण दहाचे नऊ झाले तर अर्ज वाचत नाही. अंगठा उठवणारा सूचक असेल तर अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोरच उठवावा, घरून उठवून आणू नये. उपाय सोपा आहे: एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, ते वेगवेगळ्या सूचकांच्या संचांनी भरावेत. अनामत एकदाच भरावी लागते: १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. रोख किंवा कोषागाराचे चलन चालते, धनादेश चालत नाही.

नमुना २६ चे शपथपत्र म्हणजे दुसरी खिंड. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, पाच वर्षांची विवरणपत्रे, जोडीदाराची माहिती. एकही रकाना कोरा सोडू नये, रेघही मारू नये. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे शब्दांत लिहावे. कोऱ्या रकान्यांसाठी अर्ज फेटाळता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे. अधिकारी त्रुटींची यादी देतात, ती घेऊन छाननी सुरू होण्याआधी नवे शपथपत्र देता येते. म्हणूनच शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला जाणे वेडेपणाचे. अर्ज ११ ते ३ या वेळेतच घेतात, आणि तो उमेदवाराने किंवा सूचकानेच नेऊन द्यायचा असतो. उमेदवार अधिकृत असल्याचे सांगणारे पक्षाचे एबी फॉर्मही शेवटच्या दिवशी तीनच्या आत पोचले पाहिजेत.

अर्ज दिल्यावर तिथेच संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी. छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती झाली नाही तर बाकी सगळे बरोबर असूनही अर्ज बाद होतो. अपक्षांच्या हातून हे फार वेळा निसटते.

प्रचार, मतदान, हिशेब

आचारसंहिता साधारणपणे मतदारसंघ ज्या जिल्ह्यात आहे त्या संपूर्ण जिल्ह्याला लागते. मतदारसंघ राज्याच्या राजधानीत, महानगरात किंवा महापालिकेच्या हद्दीत असेल तर मात्र ती त्या मतदारसंघापुरतीच असते.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख आहे. अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडावे आणि एकाच व्यक्तीला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये. पोटनिवडणुकीत सगळे मोठे नेते एकाच जागेवर उतरतात. त्यांच्या व्यासपीठावर उमेदवार बसला की त्या सभेचा खर्च त्याच्या खात्यात येतो. कोणत्या सभेत बसायचे हे आधी ठरवा. उमेदवारावर गुन्हे असतील तर ते वृत्तपत्रात आणि वाहिनीवर तीनदा प्रसिद्ध करावे लागतात.

मतदानाला सुरुवात होण्याच्या दीड तास आधी यंत्र तपासण्यासाठी प्रतिरूप मतदान होते, किमान ५० मते टाकून. तुमचा प्रतिनिधी त्या वेळी केंद्रावर हवाच. संध्याकाळी नमुना १७-क, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब, याची प्रत घेतल्याशिवाय त्याने निघू नये, कारण मोजणीच्या टेबलावर यंत्रातला आकडा त्याच कागदाशी ताडायचा असतो. मतदारसंघातल्या नोकरदारांना आणि रोजंदारांना मतदानाची पगारी सुट्टी कायद्याने मिळते, काम मतदारसंघाबाहेर असले तरीही. हे घरोघरी सांगावे. पोटनिवडणुकीत मतदान घसरते ते बऱ्याच अंशी ही सुट्टी माहीत नसल्याने, असे आमचे मत आहे.

वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते. हिशेब मात्र हरलेल्यालाही द्यायचा असतो, निकालापासून ३० दिवसांत, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे. तो दिला नाही आणि योग्य कारणही नसेल तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. नोंदवही, बिले आणि बँकेचा उतारा एकत्र बांधून द्यावा आणि तारखेसह पोच घ्यावी.