बेळगावात बसून बॅलेचा अख्खा सीझन कसा लावायचा

बॅले आवडतो म्हणणारी माणसं बेळगावात, खानापुरात, निपाणीत आता भेटायला लागलीत, खरं त्यातली बरीचशी रील्सवरच्या स्वान लेकमधल्या त्या ३२ गिरक्यांपाशीच अडकलेली असतात. क्लिप बघितली, भारी म्हटलं, पुढं सरकवली, झालं. पूर्ण बॅले बघितला असला तरी एक इकडचा एक तिकडचा, कशाचा कशाला पत्ता नाही. माझं म्हणणं एकच, बॅले असा सुटा सुटा बघू नका, सीझन लावून बघा. लंडन-पॅरिसच्या कंपन्या वर्षाचा कार्यक्रम ठरवतात, कुठलं काम कधी, कशाच्या मागं काय, कोण नाचणार, तसं चार-सहा जणांनी मिळून आपला कार्यक्रम ठरवायचा आणि महिन्याला एक असं घरच्या टीव्हीवर बघायचं. काय कशानंतर बघितलं यावर लई काय अवलंबून असतं, ते एकदा करून बघितल्याशिवाय पटत नाही.

आधी कॅलेंडर. तिकडचा सीझन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतो आणि जून-जुलैला संपतो, आणि आपल्याला ते बरोबर जुळतं, कारण जुलै-ऑगस्टच्या पावसात आपल्याकडं कोण कुणाच्या घरी जायला बाहेर पडत नाही आणि करंटचा पण भरवसा नसतो. गणपती विसर्जन झालं की पहिली बैठक लावा. १ नोव्हेंबरच्या आसपास ठेवू नका, त्या दिवशी गावाचं वातावरण काय असतं ते सांगायला नको. डिसेंबरात सुवर्ण सौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं तर बाहेरगावच्यांना आधीच सांगा की वेळ धरून निघा. एप्रिल-मेमध्ये लगीनसराई, म्हणून शेवटचा मोठा कार्यक्रम मार्चमध्येच उरकायचा. रविवारी दुपारी चार ही वेळ चांगली, तीन अंकांचा बॅले दोन मध्यंतरं धरून सातपर्यंत संपतो आणि निपाणीवाल्यांना परत जायला गाडी मिळते. लाइव्हच्या नादाला लागू नका, लंडनचा साडेसातचा प्रयोग हिवाळ्यात आपल्याकडं रात्री एकला सुरू होतो.

बघायचं कुठं? लंडनच्या रॉयल बॅले अँड ऑपेराची स्वतःची स्ट्रीमिंग सेवा आहे, पॅरिस ऑपेराची आहे, शिवाय मार्की टीव्ही आणि मेडिची आहेत. सगळी एकदम घेऊ नका. आधी यादी करायची, मग जिथं त्यातले जास्त सापडतात तिथलं सबस्क्रिप्शन घ्यायचं, आणि पैसे भरायच्या आधी तो बॅले भारतात दिसतो का आणि कधीपर्यंत राहणार आहे ते बघायचं, कारण रेकॉर्डिंग येतात आणि काढून पण टाकतात. वर्षातून एकदा वर्ल्ड बॅले डे असतो, २०१४ पासून चालू आहे, त्या दिवशी जगभरातल्या कंपन्या आपले क्लास आणि रिहर्सल यूट्यूबवर फुकट दाखवतात, ते चुकवू नका, प्रयोगापेक्षा जास्त कळतं त्यात. आणि एक, घरात चार माणसं बसून बघणं वेगळं आणि हॉल घेऊन दाखवणं वेगळं. हॉलमध्ये दाखवायचं तर हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची वेगळी परवानगी लागते, ती हातात आल्याशिवाय कुठल्या रंगमंदिराची तारीख धरू नका.

पहिल्या बैठकीला ला फिय माल गार्दे लावा. सगळे म्हणतात स्वान लेकपासून सुरुवात कर, माझं मत बरोबर उलटं आहे, ते पुढं सांगतो. फिय म्हणजे खेड्यातली गोष्ट, आईला पोरगी श्रीमंताच्या येड्या पोराला द्यायची आहे आणि पोरीचं मन दुसरीकडं. मूळ बॅले १७८९ चा, फ्रान्समध्ये बोर्दोला, फ्रेंच राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडायच्या दोन आठवडे आधी पहिला प्रयोग झाला. आज रॉयल बॅले जो करतं तो फ्रेडरिक अॅश्टननं १९६० ला नव्यानं बसवलेला. त्यात कोंबड्यांचा नाच आहे, गुलाबी रिबनीचा खेळ आहे, आणि आईचं काम पुरुष करतो, लाकडी बूट घालून तिचा नाच आहे. घरातली लहान पोरं आणि आज्जी दोघं एकदम हसतात. पहिल्याच दिवशी माणसं हसली पाहिजेत, नाहीतर दुसऱ्या बैठकीला कोण येत नाही.

फिय झाला की पुढच्या बैठकीच्या आधी पाच-सहा खुणा सगळ्यांना शिकवून ठेवा, म्हणजे मुका अभिनय कळतो. दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले की नाच. मनगटं समोर एकमेकांवर ठेवून मुठी खाली केल्या की मरण. दोन बोटं वर केली की शपथ. अंगठीच्या बोटाकडं दाखवलं की लग्न. चेहऱ्याभोवती हात फिरवला की सुंदर. आमच्या ग्रुपमध्ये भरतनाट्यमच्या क्लासला जाणाऱ्या पोरी आहेत त्यांनी हे एका मिनिटात उचललं, आणि ज्या काका लोकांचं "कोण बोलत नाही, मग कळायचं कसं ओ" चाललेलं होतं ते पुढच्या वेळी स्वतःच बाकीच्यांना सांगायला लागले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिझेल दोनदा लावा, लागोपाठच्या दोन महिन्यांत, आणि दोन वेगळ्या नर्तकींचा. लोक म्हणतील तेच परत काय बघायचं. त्यांना सांगा, आपले आजोबा तेच संगीत नाटक तीन-तीन कंपन्यांचं बघायला जात होते ते गोष्ट कळावी म्हणून जात नव्हते, गोष्ट तोंडपाठ होती, त्यांना ह्यानं ते पद कसं घेतलं आणि त्यानं कसं घेतलं ते बघायचं होतं. तसंच आहे हे. रॉयल बॅलेची, पीटर राइटनं बसवलेली जिझेल घ्या, एकदा नतालिया ओसिपोव्हा आणि कार्लोस अकोस्टाची, २०१४ ची, आणि एकदा मारियानेला नुनेझ आणि वादिम मुंतागिरोव्हची, २०१६ ची. सेट तोच, कपडे तेच, अदोल्फ आदामचं १८४१ चं संगीत तेच, म्हणजे बदललं ते फक्त माणूस.

बघताना नजर कुठं ठेवायची ते सांगतो. पहिल्या अंकात खेड्यातली पोरगी जिझेल फुलाच्या पाकळ्या तोडत मोजते, प्रेम आहे, नाही, आहे, नाही, आणि मध्येच उरलेल्या पाकळ्या बघून तिला कळतं की शेवट 'नाही'वर येणार, ती फूल टाकून देते. तिचा प्रियकर आल्ब्रेख्ट ते उचलतो, हळूच एक पाकळी तोडतो आणि म्हणतो बघ, 'आहे'वर संपलं. इतकी बारीक फसवणूक, मागच्या रांगेतल्याला दिसणार पण नाही अशी. मग अंकाच्या शेवटी तो आधीच दुसरीशी ठरलेला सरदार आहे हे कळल्यावर तिला वेड लागतं, केस सुटलेले असतात, आणि ती परत त्याच जागी येऊन हातात नसलेल्या फुलाच्या पाकळ्या तोडायला लागते. तिथं दोघींची बोटं बघा. ओसिपोव्हाचं सगळं अंगच तुटत चाललंय असं वाटतं, ती धडपडते, भीती वाटते बघताना. नुनेझ शांत होत जाते, जणू आतला एकेक दिवा मालवालाय. दुसऱ्या अंकात विलींची, म्हणजे लग्नाआधी मेलेल्या पोरींच्या भुतांची, राणी तिला कबरीतून बोलावते आणि ती एका पायावर गरगर फिरायला लागते, तिथला ओसिपोव्हाचा वेग मला अजून कुणाकडं सापडलेला नाही, खरं पूर्ण दुसरा अंक कुणाचा विचारलं तर मी नुनेझचा म्हणेन, तिची रेघ कुठंच तुटत नाही. तुमचं मत वेगळं निघू द्या, निघायलाच पाहिजे, त्याच्यासाठीच तर दोनदा बघायचं. फक्त दुसऱ्या बैठकीच्या आधी पहिलीचं प्रत्येकानं दोन ओळी लिहून ठेवायचं, नाहीतर महिन्याभरात सगळं विसरतं आणि मग नुसतं "दोन्ही छान होते" उरतं.

डिसेंबरात नटक्रॅकर पोरांसाठी लावा, कॅम्पातल्या दुकानातला केक आणा, मजा करा. मोठ्यांच्या सीझनमध्ये मी तो धरत नाही. अमेरिकेतल्या कंपन्यांचं वर्षाचं गणित त्याच्या तिकिटांवर उभं असतं हे मान्य आहे, १९५४ ला नृत्यरचनाकार बॅलन्शिननं न्यूयॉर्कमध्ये बसवल्यापासून तो तिथं नाताळाचा भागच झालाय, खरं आपल्यावर तशी सक्ती नाही.

जानेवारीत मिक्स्ड बिल, म्हणजे एका संध्याकाळी तीन लहान कामं. लोक ह्याला घाबरतात, गोष्ट नाही म्हणून, आणि कंपन्या पण घाबरून कमी लावतात कारण नावावर तिकीट खपत नाही. मला मात्र वाटतं कार्यक्रम ठरवणाऱ्याची अक्कल इथंच कळते. माझा क्रम असा आहे. पहिलं बॅलन्शिनचं सेरेनाड, अर्ध्या तासाच्या वर थोडं, चायकोव्स्कीचं संगीत. पडदा उघडतो आणि १७ मुली निळसर उजेडात एक हात वर करून उभ्या असतात. १९३४ ला तो ते आपल्या शाळेतल्या पोरींवर बसवत होता, पहिल्या दिवशी १७ जणी आल्या म्हणून १७, एक उशिरा आली तर तेच आत घेतलं, एक पडली तर ते पण घेतलं. मधे अॅश्टनचं द ड्रीम, १९६४ चं, त्यात गोष्ट आहे, विनोद आहे, गाढवाचं डोकं लावलेला माणूस पॉइंटवर, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर, नाचतो. शेवटी स्ट्राविन्स्कीचं राइट ऑफ स्प्रिंग, १९१३ ला पॅरिसमध्ये ज्याच्यावर थिएटरात दंगा झाला ते, निजिन्स्कीच्या मूळ रचनेची परत केलेली उभारणी मिळाली तर ती, नाहीतर पिना बाउशची १९७५ ची, मातीनं भरलेल्या रंगमंचावरची. दोन फिकट, बिनगोष्टीची कामं पाठोपाठ ठेवायची नाहीत, दुसऱ्याच्या वाट्याला पेंगणारे प्रेक्षक येतात. आणि राइट ऑफ स्प्रिंगनंतर काहीच ठेवायचं नाही, लोकांना लगेच बोलायचं असतं.

फेब्रुवारीत ला बायादेर, आणि ह्याला वेळ जास्त ठेवा. १८७७ ला मारियुस पेतिपानं सेंट पीटर्सबर्गला बसवला, गोष्ट भारतातली, निकिया नावाची देवळात नाचणारी, सोलोर योद्धा, राजा, राजकन्या, मोठा ब्राह्मण. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीचा डोंगर आहे, देवदासी म्हणजे काय आणि कुठल्या घरातल्या पोरी त्यात गेल्या ते इथल्या माणसाला पुस्तकातून वाचावं लागत नाही, १९८२ ला कर्नाटकानं बंदीचा कायदा केला तो उगीच नाही. त्यामुळं रंगमंचावर मोती-पिसं लावून फिरणारी 'देवळातली नाचणारी' बघून गळ्याशी काहीतरी अडकतं, आणि ते अडकू द्यावं, झाकू नये. तरीपण बघायचं. कारण ही कल्पना आली कुठून तेही बघण्यासारखं आहे. १८३८ ला दक्षिणेतल्या खऱ्या देवदासींचा एक छोटा मेळा पॅरिसला जाऊन नाचला, तेव्हा तिओफील गोतिए नावाचा लेखक त्यांच्यावर भाळला, भरभरून लिहिलं त्यानं. पुढं जिझेलची गोष्ट लिहिण्यात त्याचा हात होता, आणि १८५८ ला पॅरिस ऑपेरात शाकुंतलावर बॅले झाला त्याची संहिता पण त्याचीच, नृत्य बसवलं पेतिपाच्या भावानं. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल १८८० ला पुण्यात उभं राहायच्या २२ वर्षं आधी शकुंतला पॅरिसमध्ये नाचून गेली होती. हे बैठकीच्या आधी दहा मिनिटं सांगा, मग पडदा.

आणि त्यातला छायांचा प्रवेश मात्र पूर्ण शांततेत बघा, फोन बंद, चहा नंतर. निकिया मेलीय आणि सोलोर अफूच्या धुंदीत आहे, त्याला मेलेल्यांच्या छाया दिसतात. अंधारात उतारावरून एक पांढरी मुलगी येते, एक पाय मागं उचलून पुढं झुकते, मग मागं रेलून हात वर, दोन पावलं, परत तेच, आणि तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी, कुठं २४ तर कुठं ३२ जणी उतरेपर्यंत. पहिली आलेली मुलगी तेच सगळ्यात जास्त वेळा करते आणि तिचा पाय शेवटी पण तितकाच स्थिर राहायला लागतो. चेहरे बघू नका, खालचा घोटा बघा. काही रेकॉर्डिंगमध्ये नेमकं इथंच कॅमेरा एकेकीच्या तोंडावर जातो आणि रांगच तुटते, अशी आवृत्ती टाळा. निवडायच्या आधी हा एवढाच प्रवेश दोन मिनिटं चालवून बघायचा, कॅमेरा लांब राहिला तर घ्यायची.

मार्चमध्ये, सगळ्यात शेवटी, स्वान लेक. १८७७ ला मॉस्कोत पहिल्यांदा आला तेव्हा फारसा चालला नाही, आज बघतो तो १८९५ चा, पेतिपा आणि लेव इवानोव्हचा, तोपर्यंत चायकोव्स्की वारलेला होता. शापानं हंस झालेली पांढरी ओदेत आणि तिच्यासारखी दिसणारी काळी ओदील एकच बाई नाचते. इतके महिने डोळा तयार केल्यावर तिसऱ्या अंकातल्या ३२ गिरक्या येतात तेव्हा तुम्ही मोजत नाही, ओदील राजपुत्राला फसवालीय ते बघता. म्हणून हा शेवटी. शेवट मात्र आधी तपासा, काही आवृत्त्यांत ओदेत आणि राजपुत्र दोघं तळ्यात जीव देतात, काहींत सुखी शेवट आहे, मी दुःखीच घेतो.

मार्च ते मेच्या सुमारास मोठ्या कंपन्या पुढच्या सीझनचे कार्यक्रम जाहीर करतात, ते वाचायची सवय लावा. पूर्ण लांबीचे किती, मिक्स्ड बिल किती, नवीन काम किती, त्यातलं एखादं तरी मोठ्या रंगमंचावर आहे का सगळी लहान हॉलमध्ये ढकललीत, एकाच कामाला किती वेगळ्या जोड्या आहेत. नुसती जुनी मोठी नावं दिसली तर समजा यंदा तिकीटखिडकी सांभाळालेत. मग मे महिन्यात सुट्टीला सगळे गावात असतात तेव्हा एका संध्याकाळी बसून आपली पुढची यादी करा, ह्या वर्षीचं एकच काम परत घ्या, ते पण वेगळ्या नर्तकीचं, आणि यादी फायनल करायच्या आधी प्रत्येक नाव अॅपवर शोधून बघा.