इंजिन बांधायचं की बदलायचं? सांगलीत ट्रकच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

"मिस्त्री, इंजिनचं किती होतील?" मालक केबिनमधून उतरता उतरताच विचारतो आणि नव्या पोराच्या तोंडातून आकडा निसटतो. कुपवाड एमआयडीसीच्या अंगाला जड गाड्यांच्या गॅरेजात मी काम शिकलो, आता एस्टिमेटही मीच काढतो. नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं एकच असतं: खोलून माप घेतल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. बांधायचं (खोलून झिजलेले भाग दुरुस्त करून पुन्हा जोडायचं) का बदलायचं हे क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनचं धड) ठरवतात, आणि गाडी किती दिवस उभी राहू शकते ते ठरवतं. दुकानदाराच्या कोटेशनचा नंबर त्यानंतर.

आधी बोलीभाषा कानावर पडू द्या. 'हाफ इंजिन' म्हणजे हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढून व्हॉल्व्हचं काम, लायनर (सिलिंडरची काढता येणारी आतली नळी) आणि पिस्टन, रिंगा, कॉनरॉडची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याची) मेटलं, म्हणजे बेअरिंगच्या पट्ट्या. क्रँक जागेवरच राहतो. 'फुल इंजिन' म्हणजे इंजिन गाडीतून उतरवून क्रँकसकट सगळं. बदलायचं म्हटलं तर तीन वाटा आहेत. कंपनीचं कोरं इंजिन, जुनं देऊन कंपनीने पुन्हा तयार केलेलं घ्यायचं (टाटांची प्रोलाइफ योजना अशीच चालते), किंवा भंगारात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन. मालक जेव्हा "नवंच टाकू की" म्हणतो, तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक तिसरी वाट आणि पहिल्या वाटेचा भरवसा असतो. हे आधी सोडवून घ्या.

खोलायच्या आधीही थोडं काम असतं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस वारा येतोय म्हणजे रिंगा गेल्या, असं धरून अख्खं इंजिन खाली घेतलेलं मी पाहिलंय, आणि दोष निघाला ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरमध्ये. कॉम्प्रेसर झिजला की तो क्रँककेसमध्ये हवा ढकलतो आणि एअर टाकीत ऑइल टाकतो. टाकीचा ड्रेन उघडून पाहायला पाच मिनिटं लागतात. निळा धूर असेल तर टर्बोचा पाइप सोडून आत ऑइल आहे का बघा. हे पाहून झालं तरच पाना हातात घ्या.

आता माप. इथे मी रेंगाळणार, कारण पैसा इथेच ठरतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांत दोन इंजिनं सारखी भेटतात: टाटाचं 697 आणि कमिन्सचं 6बीटी. 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलीमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), नावातच माप आहे. त्याला लायनर असतात. झिजले की काढून नवे बसवता येतात, ब्लॉक वाचतो. 5.9 लिटरच्या 6बीटीचं तसं नाही. कारखान्यातून येताना त्यात पिस्टन थेट ब्लॉकच्याच बोअरमध्ये चालतो, बोअर 102 मिलीमीटर. झिजलं की ब्लॉक बोअर करून (भोक मोठं कापून) अर्धा मिलीमीटर मोठा पिस्टन, त्याच्या पुढे एक मिलीमीटर मोठा. तेही संपलं की स्लीव्ह (वेगळी नळी) मारावा लागतो. म्हणून कमिन्सची गाडी आली की पहिला प्रश्न: याआधी बोअर झालंय का, आणि किती? मालकाला आठवत नसतं. हेड उघडल्यावर पिस्टनच्या डोक्यावरचा शिक्का वाचा, बऱ्याचदा तिथे उत्तर असतं.

बोअर डायल गेज एका जागी लावून भागत नाही. वरच्या रिंगेची जागा, मध्य आणि तळ, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या उंचीवर असते. तिथे बोट फिरवलं की काठ लागतो, पण बोटावर बिल काढता येत नाही.

क्रँकचंही तसंच. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मापायचा, लंबगोल झालाय का पाहायचा. ग्राइंडिंगचे साइज पाव-पाव मिलीमीटरने खाली जातात: पाव, अर्धा, पाऊण, एक. जुने मिस्त्री याला दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, इंचाच्या हजाराव्या भागात. आधीच तीसवर असलेला क्रँक आणखी घासायचा म्हणजे त्याचं हे शेवटचं काम, आणि हे मालकाला आजच सांगायला हवं. ग्राइंडिंगवाल्याकडून क्रँक परत आला की जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई पाहा. ती चौकोनी मारली असेल तर क्रँक तिथूनच तुटतो. चीर तपासून घेण्याचे पैसे वाचवायचे नसतात.

कॉनरॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, मेन बेअरिंगच्या जागेला चीर असेल, किंवा क्रँक शेवटच्या साइजच्या पलीकडे गेला असेल, तर बांधायचा हट्ट सोडा. यातलं काही नसेल आणि इंजिन जुन्या पद्धतीचं असेल, तर माझा कल बांधण्याकडेच असतो. आपल्या भागात लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग, पंप-नोझल ही सगळी कामं हाताच्या अंतरावर होतात.

आता दिवसांचा हिशोब. हा नवी मुलं करत नाहीत, आणि मालक मनातल्या मनात हाच करत असतो. धरून चाला की फुल इंजिन 1,40,000 रुपयांत होतंय, पण ग्राइंडिंगवाल्याकडे गर्दी आहे आणि गाडी 21 दिवस उभी राहणार. तयार इंजिन एक्स्चेंजमध्ये 2,60,000 ला मिळतंय आणि 3 दिवसांत बसतंय. फरक 1,20,000 रुपयांचा आणि 18 दिवसांचा. गाडी उसाच्या वाहतुकीला लागलेली असेल आणि खर्च वजा जाता रोज 7,000 सुटत असतील, तर 18 दिवसांचे 1,26,000 होतात. म्हणजे महाग इंजिनच स्वस्त पडलं. त्यात फडात बसून राहिलेली तोडणीची टोळी आणि मुकादमाचे फोन मी धरलेलेच नाहीत. हीच गाडी जुलैत आली, रोज 2,000 सुटायची मारामार असली, तर 36,000 चं नुकसान सोसून बांधणं सरळ फायद्याचं. (आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मांडा.) वाळवा-पलूसकडचे जाणते मालक म्हणूनच गाळप संपलं की गाडी आणून सोडतात आणि म्हणतात, "निवांत करा, पण हंगामाला घंटा वाजायच्या आत पाहिजे." पावसाळ्यात आमच्याकडे उभं राहायला जागा नसते ती याच कारणाने.

एस्टिमेटमध्ये लायनर-पिस्टन, मेटलं, गॅस्केट सेट, क्रँक, हेड हे सगळेच लिहितात. राहून जातं ते पंप-नोझलचं काम, ऑइल पंप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर साफ करणं, इंजिन फाउंडेशनची रबरं, होस पाइप, ऑइल आणि कूलंट. ही किरकोळ यादी एकत्र केली की मालकाचा आवाज चढतो, म्हणून ती पहिल्याच दिवशी लिहा. मी एस्टिमेट दोन टप्प्यांत देतो: एक खोलून माप घेण्याचं, ठरलेल्या रकमेचं; दुसरं मापाचा कागद जोडून, पूर्ण कामाचं. एक नवा फरकही लक्षात असू द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यामुळे जुनी बिलं समोर ठेवून दर सांगाल तर चुकाल.

इंजिन का गेलं हे शोधल्याशिवाय दोन्ही वाटा फुकट जातात. जत, कवठेमहांकाळकडच्या फुफाट्यात किंवा खडी क्रशरवर चालणाऱ्या गाडीच्या रिंगा अवेळी गेल्या असतील तर एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होस हाताने चाचपा. एखादी क्लिप सैल, एखादी चीर, आणि धूळ फिल्टरला वळसा घालून थेट आत. तो होस तसाच ठेवून कोरं इंजिन बसवलं तर तेही त्याच वाटेने जाणार. मेटल फिरलेलं (बेअरिंग जागेवरून सरकून गेलेलं) इंजिन असेल तर ऑइल कूलर सोडून द्या, नवा घाला. त्याच्या जाळीत अडकलेला धातूचा चुरा धुऊन पूर्ण निघत नाही, आणि तो नव्या मेटलांत येऊन बसतो. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे प्लग काढूनच सफाई करायची. वरून डिझेल मारून हवा सोडली म्हणजे सफाई झाली, असं मानणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली फार दिवस राहू नका.

भंगारातलं इंजिन स्वस्त दिसतं. पण इंजिन नंबर आरसीवर असतो, आणि नंबर बदलला की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. आठ वर्षांपुढच्या व्यापारी गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तेव्हा नंबर जुळला नाही की गाडी दारातच अडते. विम्याचा दावा आला तर आणखी त्रास. विकणाऱ्याचं बिल आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिचे कागद हातात नसतील, तर ते इंजिन गॅरेजच्या आवारातही येऊ देऊ नका.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांचं गणित वेगळं आहे. कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल पुरवण्याची पद्धत), ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय), डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी), युरियाची एससीआर (धूर शुद्ध करणारी यंत्रणा). ऑइल जाळत खूप चाललेल्या इंजिनची राख डीपीएफमध्ये साठते, म्हणजे इंजिन बांधून काम संपत नाही. इंजेक्टर बदलला की बऱ्याच गाड्यांत त्याचा कोड लॅपटॉपने भरावा लागतो. अशा गाडीत मी एक्स्चेंज इंजिनाचा विचार लवकर करतो, आणि बीएस-3 चं इंजिन टाकून द्या म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणतो.

शिकायचं कुठे? आयटीआयत मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा, मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन वर्षांचा. ट्रकचंच करायचं असेल तर माझ्या मते दोन वर्षांचा घ्या, वायरिंग आणि सेन्सरची तोंडओळख त्यात होते. टाटा कमिन्सचा कारखाना शेजारी सातारा जिल्ह्यात फलटणला आहे; तिथे किंवा एखाद्या अधिकृत वर्कशॉपात अप्रेंटिसशिप मिळाली तर सोडू नका. त्यानंतर एक वर्ष तरी ग्राइंडिंगवाल्याच्या दुकानात सकाळी जाऊन बसा. पहिल्या पगारातून मायक्रोमीटर घ्या, मोबाइल नंतर.

गाडी देताना जुने लायनर, पिस्टन, मेटलं पोत्यात भरून मालकाच्या ताब्यात द्या, मापांचा कागद बिलाला लावा. चालू करण्याआधी ऑइलचा दाब येईपर्यंत इंजिन नुसतं फिरवून घ्या. आणि रनिंगच्या सूचना मालकाला सांगून थांबू नका, ड्रायव्हरला समोर उभं करून सांगा: सुरुवातीला पूर्ण भार नको, तासन्तास आयडलवर ठेवायचं नाही, पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदलायला यायचं, आणि टेंपरेचरचा काटा हलला तर फोन करायच्या आधी गाडी बाजूला घ्यायची.