डर्बीसाठी मुंबईला निघण्याआधी

इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून जाणाऱ्यांच्या तक्रारी दर वर्षी त्याच असतात. पैज लावायच्या खिडकीवरची रांग सरत नाही, उन्हात जीव जातो, परतीची गाडी चुकता चुकता मिळते आणि घोडा धड बघायलाच मिळत नाही. शेवटची तक्रार सगळ्यात मोठी. रात्रभर प्रवास करून जायचं आणि शर्यत पडद्यावर बघून परतायचं, हे जनावराची पारख असलेल्या आपल्याकडच्या माणसाला शोभत नाही. पुढची सगळी तयारी पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्याशी वेळेत उभं राहता यावं, एवढ्यासाठीच आहे.

तारीख आधी शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या हंगामी पत्रकावरून पक्की करा, मगच तिकिटं काढा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बसायला हवं. तत्काळच्या भरवशावर राहू नका. घटप्रभा, रायबाग, कुडची, बेळगाव, खानापूरकरांनी दादरला जाणारी गाडी धरावी. वारानुसार गाडीचं नाव बदलतं, तेवढं बघून घ्या. निपाणी, संकेश्वरच्या लोकांना कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. स्लीपर बसनं जाणार असाल तर घाटातली आणि मुंबईत शिरतानाची कोंडी धरून दोन तास हाताशी ठेवा. दादरहून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल घ्या. प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. मात्र रविवारी दुरुस्तीसाठी ब्लॉक असतो; शनिवारी रात्रीच वेळापत्रक तपासा, नाहीतर सकाळ दादरच्या फलाटावर जाते.

बॅगेला कुलूप लावाच. स्टेशनवर सामान ठेवायच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि खांद्यावर बोजा घेऊन गर्दीत दुपारभर उभं राहता येत नाही. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे स्वेटर लागतो, मुंबईत दुपारी घाम फुटतो. म्हणून आत सुती शर्ट, वर काढता येईल असं काही. शर्टाला कॉलर हवी, पायात बूट. हाफ पँट आणि चप्पल घरीच ठेवा, कारण वरच्या वर्गाच्या स्टँडमध्ये त्यावरून अडवतात आणि परत जाऊन कपडे बदलायला मुंबईत आपलं घर नसतं. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासात संपवा; आत बाहेरचं खाणं नेऊ देतील असं धरून चालू नका. टोपी, पाणी, 8 किंवा 10 पट दिसणारी दुर्बीण आणि एक पेन एवढं जवळ पुरतं.

रेसबुक, म्हणजे दिवसाच्या शर्यती आणि घोड्यांची माहिती असलेलं पुस्तक, आदल्या संध्याकाळीच मिळालं तर गाडीत वाचून होतं. डर्बी 2400 मीटरची, फक्त चार वर्षांच्या घोड्यांची, आणि यातले कित्येक एवढं लांब पहिल्यांदाच पळतात. डिसेंबरातली टू थाउजंड गिनीज ही शर्यत 1600 मीटरची असते. तिथं जिंकलेला घोडा इथं शेवटच्या 400 मीटरला थकू शकतो. म्हणून आधीच्या 2000 मीटरच्या शर्यतीत तो कसा संपला, शेवटाला अंतर कमी करत होता की मागं पडत होता, यावर पेनानं खूण करा. दिवसातल्या इतर शर्यती बहुतेक हँडिकॅप असतात, तिथं रेटिंग जास्त त्याच्या पाठीवर वजन जास्त. ते कोष्टक वेगळं वाचायचं.

आता खिडकी. गोंधळ इथंच होतो. नोटा 100 आणि 50 च्या न्या; गर्दीत नेटवर्क बसतं आणि यूपीआय फिरत राहतं. मोठ्या शर्यतीची तिकिटं शेवटच्या दहा मिनिटांत काढायला जाऊ नका. खिडकीवर क्रमानं बोला: शर्यत क्रमांक, विन (घोडा पहिला येईल) की प्लेस (पहिल्या काहींत येईल), घोड्याचा नंबर, रक्कम. नंबर म्हणजे खोगिराखालच्या कापडावरचा. सुटण्याच्या गेटचा नंबर वेगळा असतो, आणि तो सांगून चुकीचं तिकीट घेणारे दर वर्षी असतात. खिडकी सोडण्याआधी तिकीट वाचा, नंतर बदलत नाही. कुठलाही घोडा ऐनवेळी रद्द होतो, म्हणून आधी फलक बघा. निकाल अधिकृत होईपर्यंत तिकीट फाडू नका. जॉकीच्या, म्हणजे घोडेस्वाराच्या, वजन तपासणीनंतर किंवा आक्षेपावरून क्रम उलटतो. 22 सप्टेंबर 2025 पासून पैज लावलेल्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, शिवाय 10,000 च्या वर जिंकलं तर 30 टक्के टीडीएस कापतात. पॅन कार्ड बरोबर असू द्या. खर्चाचा आकडा घरीच ठरवा आणि परतीचे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. छापील तिकीट न देता फाटकाबाहेर भाव सांगणाऱ्याकडे पैसे द्यायचे नाहीत. ते बेकायदा आहे आणि बुडालं तर दाद कुठंच मागता येत नाही.

पॅडॉकला शर्यतीच्या अर्धा तास आधी पोचा. गावच्या जत्रेत घोडागाडीच्या घोड्याचं जे बघता तेच बघा. चाल मोकळी असेल तर मागचा पाय पुढच्याच्या खुणेपलीकडे पडतो. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आलेला, मान झटकणारा, धरणाऱ्याला ओढणारा घोडा शर्यतीआधीच ताकद घालवतोय. मुंबईच्या उकाड्यात मानेवर थोडा घाम चालतो. जॉकीच्या अंगावरचे रंग घोड्याच्या मालकाचे असतात, जॉकीचे नाहीत. एकाच मालकाचे दोन घोडे असतील तर टोपीचा रंग लिहून घ्या, नाहीतर पलीकडच्या बाजूला दोघे ओळखू येत नाहीत. इथं घोडे उजव्या हातानं, घड्याळाच्या दिशेनं धावतात.

डर्बी संध्याकाळकडे होते आणि सगळं मैदान एकदम फाटकाकडे येतं. जिंकलेलं तिकीट शेवटच्या शर्यतीपर्यंत ठेवू नका, मधल्या वेळेतच पैसे घ्या. परतीची गाडी डर्बीच्या वेळेपासून किमान तीन तासांनंतरची असावी, त्यात क्लोकरूमची रांगही धरा.