जॅझ गिटारवर फास्ट क्रोमॅटिक रन वाजवायचाय? आधी समेवर यायला शिका

क्रोमॅटिक रन म्हणजे मधला एकही सूर न गाळता एकेक फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला घर) चढत किंवा उतरत जाणं. बोटांना सोपं वाटतं म्हणून बरेच जण पहिल्या दिवसापासून स्पीडच्या मागे लागतात, पण तबल्याच्या साथीला वाढलेल्या आपल्या कानाला लगेच कळतं की हा माणूस समेवर आलाच नाही. जॅझमध्येही तेच आहे, मधले सूर कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाच्या, बाहेरचे असले तरी चालतात, शेवटचा सूर मात्र कॉर्डमधला हवा आणि बरोबर मात्रेवर पडायला हवा.

पण आधी हात. सगळ्यात जाड तारेवर ५-६-७-८ वाजवा, प्रत्येक फ्रेटला एक बोट, तर्जनीपासून करंगळीपर्यंत. आता पुढच्या तारेवर परत ५ वर गेलात तर एक सूर गळतो, कारण दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर आणि बोटं आपली चार. म्हणून हात एक फ्रेट मागे घ्यायचा, ४-५-६-७. मग डी तारेवर ३-४-५-६, जी वर २-३-४-५. आणि इथेच बहुतेकांचं गडबडतं, जी आणि बी मध्ये अंतर चारच फ्रेटचं आहे त्यामुळे बी वर हात हलवायचाच नाही, तिथेही २-३-४-५, शेवटच्या तारेवर १-२-३-४. ए सुरापासून सुरू करून सलग २४ सूर झाले, म्हणजे दोन सप्तकांतले सगळेच. उतरताना हेच उलट, हात एकेक फ्रेट पुढे, फक्त बी वरून जी वर येताना तिथेच.

पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, डाऊन-अप-डाऊन-अप. तारेवर चार सूर असल्याने प्रत्येक नवी तार डाऊननेच सुरू होते, ही मोठी सोय आहे. पिक जरा जाड घ्या, पातळ पिक वाकतं आणि उशिरा सुटतं. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात गेलात तर दोन-तीन जाडीची घेऊन या, हाताला कुठलं बसतं ते वाजवल्यावरच कळतं. डावी बोटं तारेपासून लांब उडू देऊ नका, करंगळी तर हमखास उडते. मनगट दुखलं की थांबायचं, रेटायचं नाही.

मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. आधी एका ठोक्याला एक सूर, मग दुगुन, मग चौगुन. चौगुन स्वच्छ आली तरच दोन-चार आकडे वाढवा. चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर इलेक्ट्रिक गिटार अँपशिवाय वाजवा, शेजारी झोपलेले राहतात आणि कुठला सूर दबला तेही नीट ऐकू येतं. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत तारा गंजतात आणि बोट सरकताना अडकतं, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्याच.

आता खरी गंमत, सम. समजा सी मेजर सेव्हन या कॉर्डवर यायचंय आणि त्यातल्या ई सुरावर उतरायचंय, बी तारेवर पाचवा फ्रेट. हिशोब उलटा करा. ई पहिल्या मात्रेवर हवा, म्हणजे आधीच्या चौथ्या मात्रेत चार सूर बसवायचे, ९-८-७-६, करंगळीपासून तर्जनीपर्यंत, आणि मग तर्जनी न उचलता ६ वरून ५ वर सरकवायची. सूर पाच आणि बोटं चार, म्हणून ही सरक लागतेच. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत जवळजवळ निकामी झाली होती, सोलो तो मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर वाजवायचा, त्याची रेकॉर्डिंग ऐका म्हणजे सरकवून किती वेग येतो ते कळेल.

पहिला सूर जी शार्प, तो सी मेजरमध्ये नाहीच, पण कान तिथे अडत नाही कारण ई वेळेवर येतो. ई अर्धी मात्रा उशिरा वाजवून बघा, तीच बोटं, तेच फ्रेट, आणि सगळं चुकीचं वाटायला लागतं.

हे जमलं की फोनवर डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हनचा लूप लावा, प्रत्येकी एक बार, म्हणजे चार मात्रा. जी सेव्हनच्या पहिल्या तीन मात्रा गप्प राहा, चौथीवर रन सोडा, सी मेजर सेव्हन लागला की ई. मग हाच हिशोब जी आणि बी सुरांवर उतरायला करा, आणि रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐका.