लिलावातली जुनी स्पोर्ट्स कार: आधी पत्रा बघा, इंजिन शेवटी

लिलावात जुनी स्पोर्ट्स कार मांडली की बघणारे आधी बॉनेट उघडायला लावतात. इंजिनाला स्टार्टर मारला, आवाज गोड आला, की तिथंच मन बसतं आणि बोली चढायला लागते. आपल्या बेळगावकडच्या माणसानं तरी असं करू नये. मी उद्यमबागेत पत्र्याचं काम करतो, म्हणून हे कळकळीनं सांगतोय. आपलं गाव फौंड्रीचं आणि लेथचं. क्रँक ग्राइंडिंग, बोअर मारणं, लाइनर बसवणं, व्हॉल्व्ह सीट कापणं, पार्ट मिळत नसला तर नमुना देऊन ओतून घेणं, हे सगळं इथं दोन-चार गल्ल्यांत होतं. इंजिन गेलेलं असलं तर खर्चाचा आकडा काढता येतो. बॉडी सडलेली असली आणि कागद अडकलेले असले तर आकडा कुणालाच काढता येत नाही. म्हणून आपल्यासाठी क्रम असा: गाडी कुठं राहिली, पत्रा कसा आहे, नंबर खरे का, कागद सरळ का, आणि मग इंजिन.

गाडी कुठं राहिली हे मालकाच्या पत्त्यावरून कळत नाही. चॅसीच्या कोपऱ्यात बोट घाला. तांबडी माती निघाली तर गाडी खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं नाहीतर खाली कोकण-गोव्यात वावरलेली. काळी माती निघाली तर अथणी, गोकाकच्या बाजूची. धुतलेल्या गाडीतही स्प्रिंगच्या हँगरमागं, हेडलाइटच्या वाटीमागं माती राहतेच. पावसाच्या पट्ट्यातल्या गाडीचा खालचा पत्रा संशयानं बघायचा, आणि चोर्ला घाटानं वर आलेली गोव्याची गाडी असेल तर खाऱ्या हवेचा हिशेब वेगळा धरायचा. कोरड्या भागातल्या गाडीचं रबर, सीटचं कातडं, वायरिंगचं आवरण वाळून गेलेलं असतं. पण ते सगळं नवं घालता येतं, पत्रा मात्र टिकलेला असतो. मी केव्हाही वाळलेली गाडी घेईन.

पत्रा बघायला फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक पुरतो. आधी विचारा, मग लावा. मडगार्डची खालची कड, दाराचा तळ, दाराखालची पायरी, डिकीतल्या स्टेपनीची जागा, एवढ्या ठिकाणी चुंबक ढिला पडला की आत पुट्टी. रंगाची जाडी मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. कंपनीचा मूळ रंग बहुतेक 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, एकदा पुन्हा रंगवली की 200-300, आणि आकडा हजाराच्या वर गेला तर तिथं रंग कमी आणि पुट्टी जास्त. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. जुन्या काळी कारखान्यातच जोड शिशानं भरत, तिथं चुंबक धरत नाही आणि तो दोष नाही. तसंच जग्वार एक्सके 120. 1948 साली आलेल्या या गाडीच्या पहिल्या साधारण 240 बॉड्या ॲल्युमिनियमच्या होत्या. नंतर बॉडी स्टीलची झाली, तरी दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं. तिच्या दाराला चुंबक चिकटला तर उलट विचारायचं, हे दार कुठून आलं?

आता एमजी टीसी, म्हणजे दोन माणसांची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1945 ते 1949 मध्ये जवळजवळ दहा हजार बनल्या, सगळ्याच उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. हिचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, लाकूड ॲश नावाच्या झाडाचं. वरून चकचकीत दिसणाऱ्या टीसीचा आतला सांगाडा भुसा झालेला मी बघितलाय. म्हणून तिचं दार नीट बघा. टीसीच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, दार पुढून उघडतं. दार अर्धं उघडा, पुढच्या टोकाखाली हात घालून हलकं वर उचला. बिजागरी झिजली असेल तर पिनेजवळ कट्-कट् हलतं, ते किरकोळ. पण दाराबरोबर मागचा खांबच हलत असेल तर खालची लाकडी पट्टी गेली. मग गुडघ्यावर बसा आणि दाराखालची फट बघा. ती एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला नखभर असली की सांगाडा बसलाय. शेवटी स्क्रू बघा. त्या काळचे स्क्रू एका खाचेचे. फुलीच्या खाचेचे दिसले तर तिथं नंतर कुणीतरी हात घातलाय. हात कसा घातलाय ते विचारा, फोटो मागा. काम चांगलं झालं असेल तर फोटो असतातच. खानापूरकडं लाकडाचे उत्तम कारागीर आहेत, सांगाडा नवा होतो, पण त्यासाठी अख्खी बॉडी उतरवावी लागते. महिन्यांचं काम आहे, त्याची किंमत बोलीतून आधीच वजा करायची.

लाकूड नसलेल्या आणि चॅसीही नसलेल्या गाड्यांत, म्हणजे 1962 पासूनच्या एमजीबीसारख्या, सगळा भार दाराखालच्या पायरीवर असतो. दोन माणसं आत बसवा आणि दारं उघडझाप करा. रिकाम्या गाडीत छान लागणारं दार माणसं बसल्यावर घासलं तर पायरी आतून खाल्लेली. वरून नवा पत्रा चढवून रंग मारलेला असतो, त्यावर जाऊ नका.

नंबराचं काम शांत डोक्यानं. फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरची, पितळी पाटी कुणीही करून आणतो. खरा नंबर चॅसीच्या लोखंडात ठोकलेला असतो. अक्षरांभोवती ग्राइंडरचे ओरखडे, आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा खोलगट जागा, एखादा आकडा तिरका किंवा वेगळ्या पंचचा, असं काही दिसलं की थांबा. जग्वारच्या एक्सके इंजिनात नंबर ब्लॉकवरही असतो आणि हेडवरही, दोन्ही जुळले पाहिजेत. जग्वारच्या बाबतीत जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट मूळ नोंदींवरून दाखला देतो. त्यात चॅसी, इंजिन, गिअरबॉक्सचे नंबर, मूळ रंग आणि गाडी कारखान्यातून निघाल्याची तारीख मिळते. विक्रेत्याकडं तो नसेल तर बोलीआधी मागवायला सांगा. नंबर जुळणारी गाडी आणि इंजिन बदललेली गाडी यांचा भाव एक नसतो.

कागद. आपल्या भागातल्या जुन्या आरसी पुस्तकात इतिहासच असतो: 1956 पर्यंत मुंबई राज्य, मग म्हैसूर राज्य, 1973 पासून कर्नाटक. शिक्के बदललेले असले तरी चालतं, मधली साखळी तुटता कामा नये. आरसीवर वारलेल्या आजोबांचंच नाव असेल तर वारसानं फॉर्म 31 भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवी, मगच ती तुमच्या नावावर होईल. सरकारी लिलावात घेतली तर फॉर्म 32, खासगी लिलावात 29 आणि 30. गाडी कोल्हापूर, सांगलीहून इकडं आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि इकडचा कर. सीमेवर राहणाऱ्यांना हे नवं नाही, पण बोलीच्या भरात विसरतात. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणलीय. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. जिचा जुना नंबर चालू आहे तिला तो ठेवता येतो, आणि ठेवावाच. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही.

इंजिनाबद्दल थोडंच. ते गार असताना स्वतः हात लावून खात्री करा, कारण आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन अर्ध्या तक्रारी लपवतं. टीसीचं 1250 सीसीचं इंजिन गरम झाल्यावर चालत्या वेगाला 40 पीएसआयच्या आसपास ऑइल प्रेशर दाखवत असेल तर ठीक. रेडिएटरच्या पाण्यात तेलाची साय, किंवा डिपस्टिकवर ताकासारखं पांढरं दिसलं तर हेडला तडा असू शकतो, या हेडची ती जुनी खोड आहे. या इंजिनाच्या बोल्टांना आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या, पान्याची, त्यामुळं चुकीचा पाना लावणाऱ्या फिटरनं कोपरे गोल केलेले लगेच दिसतात. बोल्टांची डोकी शाबूत असली की आधीचा हात जाणता होता.

भाव ठरवताना परदेशातल्या लिलावांचे आकडे रुपयांत करून बघू नका. इथं भाग आणायला सीमाशुल्क आहे आणि गिऱ्हाईक मोजकं आहे. तिथल्या आकड्यांतून फक्त एकाच मॉडेलच्या बऱ्या-वाईट गाड्यांतला फरक शिकायचा. हॅगर्टी या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या भावपुस्तकात गाड्यांना 1 ते 4 अशी प्रत देतात, 1 म्हणजे प्रदर्शनात पहिली येणारी. कॅटलॉगमध्ये ‘उत्कृष्ट’ लिहिलेली गाडी मी 3 धरून चालतो, आणि तिनं मला पटवायचं. मूळ रंग, मूळ सीट टिकलेली गाडी थोडी उडालेली असली तरी नव्यानं रंगवलेल्या गाडीपेक्षा मी जास्त मानतो. रंगकाम माझा धंदा आहे, तरी सांगतो, असा रंग खरवडू नका. तो परत मिळत नाही.

मग घरी बसून आकडा काढा. चांगल्या स्थितीतल्या तशाच गाडीची इथली किंमत, त्यातून पत्रा, लाकूड, इंजिन, क्रोम, कागद यांचा खर्च वजा, आणि न दिसलेल्या गोष्टींसाठी त्या खर्चाच्या निम्मे आणखी वजा. क्रोमला कमी धरू नका, जुने बंपर नीट करून घेणं पत्र्याइतकंच महाग पडतं. बोलीवर प्रीमियम, म्हणजे लिलाव करणाऱ्या कंपनीचा वरचा हिस्सा, असतो हेही धरा. समजा हातोडा 20 लाखांवर पडला, प्रीमियम 15 टक्के आणि प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी, तर तुमच्या खिशातून 23 लाख 54 हजार जातात. वर वाहतूक आणि विमा. हा आकडा कागदावर लिहून बरोबरच्या माणसाच्या हातात द्या आणि त्याला सांगून ठेवा, याच्या वर माझा हात खाली ओढायचा.

बोली तुमच्यावर थांबली की त्याच संध्याकाळी विमा करा आणि गाडी फ्लॅटबेडवर घाला. कितीही सुरेख चालत असली तरी ब्रेकचे रबर आणि टायर किती जुने ते कळल्याशिवाय तिला घाटात उतरवू नका.