प्रीमियर पद्मिनी गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा रंग सोलून निघत होता, तो असा टिकला

लक्षण: मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणारा, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा भाग) रंग दिल्यावर थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटायचे आणि खालून तांबूस गंज दिसायचा. साधा सिल्व्हर रंग जळून पांढुरका पडला. रेड ऑक्साइड प्राइमरवर (रंगाखालच्या अस्तरावर) हीटप्रूफ रंग मारला, तर तो प्राइमरसकट निघाला. अगदी वैताग आला होता.

मग मॅनिफोल्ड उतरवला. ग्राइंडरला वायर कप लावून कोरा धातू दिसेपर्यंत घासला, कोपरे ८० नंबरच्या पॉलिश पेपरने. खरी मेख पुढे आहे: बिडाच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं. थिनरने पुसून, थिनर पूर्ण उडाल्यावरच हीट गनने तापवला, तेव्हा ते घामासारखं वर आलं. गार करून पुन्हा पुसला. फडकं कोरं निघेपर्यंत हेच.

गॅस्केट (सांध्यातलं पॅकिंग) बसतं त्या कडांना मास्किंग टेप. प्राइमर अजिबात नाही. ६०० अंश उष्णता सोसणारा सिलिकॉन रंगाचा स्प्रे थेट धातूवर, तीन पातळ हात, मध्ये १५-१५ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी बसवून इंजिन फक्त आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता): १० मिनिटं, पूर्ण गार, २० मिनिटं, पुन्हा गार, मग अर्धा तास. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो, त्यामुळे त्याआधी गाडी बाहेर काढू नका. सुरुवातीला धूर येतो, गॅरेजचं दार उघडं ठेवा.