जुन्या ट्रेलरच्या प्लायच्या भिंतींना पुन्हा पॉलिश करताना

१९५०-६० च्या काळातल्या अमेरिकी ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरांच्या, आतल्या भिंती बहुधा ३ मिमी बर्च प्लायच्या असतात. तिचा वरचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ. म्हणून इथे मशीनने घासूच नका. कडेला यंत्र क्षणभर जास्त टेकलं की खालचा आडवा थर उघडा पडतो, आणि तो कुठल्याही पॉलिशने लपत नाही.

आधी जुनं पॉलिश ओळखा. कपाटाच्या आत स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे शेलॅकचं. स्पिरिटने काही न होता लॅकर थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर व्हार्निश.

शेलॅक निघालं तर नशीब चांगलं, कारण नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. खरवडावं लागत नाही. मिनरल टर्पेंटाइनने तेलकटपणा पुसा आणि ३२० नंबरच्या सँडपेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने घासा.

खिडक्यांखालच्या काळ्या डागांना वेळ द्या. गळती आधी बंद करा, नाहीतर डाग परत येतील. पाणी आणि खिळ्यांच्या लोखंडामुळे पडलेले डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातात, पण ते उघड्या लाकडावरच चालतं. त्यामुळे त्या तुकड्याचं पॉलिश स्पिरिटने पूर्ण उतरवा. गरम पाण्यात विरघळेल तितकं ॲसिड घालून ते डागापुरतं नाही, तर सांध्यापासून सांध्यापर्यंत लावा. नाहीतर फिकट ठिगळ दिसतं. वाळल्यावर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने. हातमोजे आणि चष्मा हवाच. वाळलेले स्फटिक कधीही घासू नका, ती धूळ नाकाघशाला भाजते. प्लाय फुगून थर सुटले असतील तर तो तुकडा बदलाच.

लिटरभर स्पिरिटमध्ये २४० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून गाळा. पहिल्या हाताला तितकंच स्पिरिट मिसळून पातळ करा, पुढचे दोन-तीन हात पातळ न करता द्या. ब्रश एकदा फिरला की मागे जाऊ नका, तिथे ओरखडे उमटतात. दमट हवेत पांढरी झाक येते. वाळल्यावर स्पिरिटने ओलसर केलेलं फडकं अलगद फिरवलं की जाते. जुन्या द्रावणाचा थेंब आधी काचेवर टाका. दुसऱ्या दिवशीही चिकट राहिला तर ते फेकून द्या.

स्पिरिटची वाफ पेट घेते, म्हणून गॅस, पायलट ज्योत (गॅसच्या उपकरणात सतत पेटती राहणारी छोटी ज्योत) आणि बॅटरी बंद ठेवून दारं-खिडक्या उघड्या ठेवा. सिंकजवळ शेलॅक पाण्याने पांढरं पडतं. तिथे मेण काढलेलं शेलॅक लावून वर व्हार्निशचे दोन हात द्या.